नाव आपले, उत्तरही आपलेच: महाविद्यालयात एआय जबाबदारीने वापरण्याची एका सत्राची कृती

मीरा रोड आणि भाईंदरच्या महाविद्यालयांत बीकॉम, बीएमएस, बीएस्सी आयटीचे वर्ग भरतात. एकाच बाकावर घरी मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू बोलणारी मुले बसतात आणि असाइनमेंट बहुधा इंग्रजीत लिहितात. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. मनात विषय स्पष्ट असूनही इंग्रजी वाक्य न जमणाऱ्या मुलाला त्यामुळे मोठा आधार मिळाला. ज्याने विषयाला हातच लावलेला नाही, त्यालाही त्याच दिवसापासून गुळगुळीत दहा पाने मिळू लागली. कागदावर दोघांचे काम सारखेच दिसते. या दोघांतला फरक ओळखणे आणि पहिल्याची मदत चालू ठेवून दुसऱ्याला पुन्हा अभ्यासाकडे वळवणे, हे शिक्षकाचे आजचे काम आहे.

सरसकट बंदीने ते साधत नाही, सरसकट मोकळीकही उपयोगाची नाही. सत्र सुरू होण्यापूर्वी नियम ठरवायचा, तो लिहून द्यायचा आणि कामाचे टप्पे तपासायचे, हा मार्ग वर्गात चालवता येतो. त्याचा पाया एकच आहे: ज्याच्या नावाने मजकूर सादर होतो, त्यातल्या प्रत्येक वाक्याचे उत्तर त्यानेच द्यायचे. हे विद्यार्थ्याला लागू आहे आणि शिक्षकालाही.

खालची कृती साधारण साठ विद्यार्थ्यांचा वर्ग आणि एक सत्र धरून लिहिली आहे. उदाहरण म्हणून द्वितीय वर्षाचा एक फील्ड प्रोजेक्ट घेतला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट यांना श्रेयांक आहेत, त्यामुळे असे काम आता अभ्यासक्रमातच बसते. विषय आहे ‘उत्तनमधील बोंबील वाळवण्याचा व्यवसाय’. भाईंदर पश्चिमेहून बसने गाठता येणारे हे मच्छीमार गाव मीरा-भाईंदर महापालिकेच्याच हद्दीत आहे.

लागणारे साहित्य

• असाइनमेंटचे एक पान, ज्यावर एआयचा नियम छापलेला असेल
• प्रत्येक विद्यार्थ्याची साधी वही, क्षेत्रभेटीच्या नोंदींसाठी
• मसुद्यांचा इतिहास जपणारी लेखनाची सोय (गूगल डॉक्स चालेल, नसल्यास तारीख घातलेले हस्तलिखित मसुदे)
• संगणक प्रयोगशाळेतले दोन तास
• तोंडी परीक्षेसाठी वेळापत्रकात राखून ठेवलेला वेळ

पायरी १: या कामातून काय शिकायचे, ते आधी लिहा

असाइनमेंट देण्यापूर्वी शिक्षकाने एका वाक्यात लिहावे: ‘हे काम झाल्यावर विद्यार्थ्याला स्वतःला काय करता आले पाहिजे?’ आपल्या उदाहरणात उत्तर असे आहे: ‘एखाद्या छोट्या व्यवसायाचा खर्च, उत्पन्न आणि धोका प्रत्यक्ष माणसांकडून समजून घेऊन मांडता आला पाहिजे.’

आता कामाचे तुकडे करा: प्रश्नावली तयार करणे, उत्तनला जाऊन बोलणे, नोंदी घेणे, हिशेब मांडणे, निष्कर्ष काढणे, इंग्रजीत अहवाल लिहिणे. जे शिकायचे आहे ते बोलणे, हिशेब आणि निष्कर्ष यांत आहे. इंग्रजी व्याकरणाची परीक्षा आपण इथे घेत नाही. म्हणून व्याकरणासाठी एआयची मदत चालेल, निष्कर्षासाठी चालणार नाही. इंग्रजी लेखनकौशल्याच्या पेपरात मात्र हेच उलट होईल. नियम विषयाप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलतो, म्हणून ‘आमच्या कॉलेजात एआय चालते की नाही’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही.

पायरी २: परवानगीच्या तीन पातळ्या ठरवून पानावर छापा

तोंडी सांगितलेला नियम मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही आणि गैरहजर मुलाला कळतच नाही. म्हणून तो असाइनमेंटच्या पानावरच छापावा. तीन पातळ्या पुरतात.

बंद: क्षेत्रभेटीच्या नोंदी, मुलाखतीतली उत्तरे, हिशेबाचे आकडे, निष्कर्ष. हे विद्यार्थ्याचे स्वतःचे असेल.

मर्यादित: प्रश्नावली सुधारणे, इंग्रजी व्याकरण तपासणे, मराठी नोंदींच्या भाषांतराचा पहिला खर्डा. एआय वापरता येईल, पण वापर नोंदवावा लागेल.

खुले: विषयाची प्राथमिक ओळख, अवघड संज्ञा समजून घेणे, तोंडी परीक्षेचा सराव. यासाठी वेगळी परवानगी लागणार नाही.

नियम न लिहिल्याचा त्रास दोन्ही बाजूंना होतो. २०२४ साली हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठात एलएलएमच्या विद्यार्थ्याला, उत्तर एआयने लिहिल्याचा ठपका ठेवून नापास केले गेले. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. एआय वापरू नये असा स्पष्ट नियम विद्यापीठाने सांगितलेलाच नव्हता, हा त्याच्या म्हणण्याचा एक भाग होता. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण ठरवले आणि प्रकरण मिटले. जे भांडण कोर्टापर्यंत गेले, ते पहिल्या तासाला वाटलेल्या एका पानाने टळू शकले असते.

पायरी ३: प्रश्न असा घडवा की प्रत्यक्ष गेल्यावाचून उत्तर येणार नाही

‘भारतातील मत्स्यव्यवसायाचे महत्त्व स्पष्ट करा’ हा प्रश्न दिला की एआय क्षणात उत्तर देते आणि त्या उत्तरावर शिक्षकाला तक्रार करायला जागा राहत नाही. असला प्रश्न एआय येण्यापूर्वीही गाइडमधून उतरवला जात होता.

त्याऐवजी असे विचारा: ‘उत्तनमधील बोंबील वाळवणाऱ्या किमान दोन कुटुंबांशी बोला. ओला माल, मजुरी, बांबूचे मांडव, वाहतूक यांचा खर्च मांडा. अवेळी पाऊस आल्यास नुकसान कोण सोसते, ते शोधा. दोन कुटुंबांच्या उत्तरांत फरक आढळला तर त्याचे कारण सांगा.’

बोंबलात पाण्याचे प्रमाण फार असते, म्हणून तो लवकर खराब होतो. बांबूच्या मांडवावर जबड्यात जबडा अडकवून तो जोडीने टांगतात. ऊन आणि वारा मिळाला तर माल सुकतो. पावसाची सर आली तर हातचा जातो. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते, तेव्हा त्याआधीच्या महिन्यांत साठवणीचे गणित जमवावे लागते. इतके एआयही सांगू शकेल. पण मागच्या वर्षी एका घराचा किती माल भिजला, तो कोणत्या भावाने विकला आणि कर्ज कोणाकडून काढले, हे समोर बसलेली मावशीच सांगेल. ‘मावशी, वाळत घातल्यावर पावसाचा शिंतोडा आला तर काय करता?’ हा प्रश्न मुलाने विचारला, की अहवालात त्याचा स्वतःचा असा मजकूर येऊ लागतो.

उत्तन शक्य नसेल तर जवळच इतर विषय आहेत: भाईंदरची मिठागरे, स्टेशनबाहेरच्या भाजीविक्रेत्यांचा रोजचा हिशेब, काशिमिऱ्याच्या लघुउद्योगांतली कामगारभरती, एखाद्या गृहसंकुलाचे पाण्याच्या टँकरवरचे खर्चपत्रक. तत्त्व तेच.

पायरी ४: काय टाकायचे नाही, ते आधी शिकवा

एआयच्या चौकटीत टाकलेला मजकूर आपल्या फोनपुरता राहत नाही. तो त्या कंपनीच्या यंत्रणेकडे जातो. अनेक मोफत सेवांमध्ये आपले संभाषण पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाऊ शकते. ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येत असेल तर प्रयोगशाळेच्या पहिल्या तासातच सगळ्यांकडून बंद करून घ्यावी. त्यानंतरही पुढील गोष्टी टाकू नयेत:

• मुलाखत दिलेल्या व्यक्तीचे नाव, फोन, पत्ता, कर्जाचा तपशील
• स्वतःचा किंवा मित्राचा पीआरएन, हॉल तिकीट, गुणपत्रिका, आधार
• इंटर्नशिप केलेल्या कंपनीची अंतर्गत कागदपत्रे, जीएसटीची विवरणपत्रे, ग्राहकांच्या याद्या
• दुसऱ्याने लिहिलेला अप्रकाशित मजकूर

मुलाखतीच्या नोंदी भाषांतरासाठी टाकायच्याच असतील, तर आधी नावांच्या जागी ‘कुटुंब अ’ आणि ‘कुटुंब आ’ असे लिहावे. विश्वासाने घरचा हिशेब सांगणाऱ्या माणसाची ही किमान कदर आहे.

शिक्षकांनाही हेच बंधन आहे. साठ उत्तरपत्रिकांचे फोटो नावांसकट एखाद्या मोफत सेवेत टाकून गुण मागणे म्हणजे मुलांची माहिती त्यांना न विचारता दुसऱ्याच्या हाती देणे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा कायदा झालेला आहे आणि त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून पालकांच्या संमतीची अट घातली आहे. प्रथम वर्षाच्या वर्गात सतरा वर्षांची मुले असतात, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक काळजी घ्यावी. सशुल्क आवृत्ती असल्याशिवाय पुरे होणार नाही असे काम देऊ नये. महिन्याला पैसे भरणाऱ्या मुलाला चांगले साधन आणि इतरांना दुय्यम, अशी विभागणी असाइनमेंटमुळे होता कामा नये. ज्यांच्याकडे स्वतःचा संगणक नाही, त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतले तास राखून ठेवावेत.

पायरी ५: आधी स्वतःचा मसुदा, मग एआय

हा क्रम उलटला की शिकणे थांबते. विद्यार्थ्याने उत्तनहून परतल्यावर त्याच दिवशी, फोन बाजूला ठेवून, वहीत एक पान लिहावे: काय पाहिले, काय ऐकले, कशाचे आश्चर्य वाटले, काय कळले नाही. कोणत्याही भाषेत लिहावे. मराठी, गुजराती, उर्दू, काहीही चालेल. या पानावर शिक्षकाची सही आणि तारीख घ्यावी.

त्यानंतर एआय उघडावे. प्रश्न विचारण्याची रीत शिकवावी लागते. वर्गात पडद्यावर दोन नमुने शेजारी शेजारी दाखवावेत.

टाळायचा नमुना: ‘उत्तनच्या बोंबील व्यवसायावर दोन हजार शब्दांचा प्रोजेक्ट लिहून दे.’

वापरायचे नमुने:

‘ही माझी प्रश्नावली आहे. उत्तरे लिहू नकोस. कोणते प्रश्न संदिग्ध आहेत आणि कोणता महत्त्वाचा प्रश्न राहून गेला आहे, ते सांग.’

‘हा माझा निष्कर्ष आहे. याच्या विरोधात बोलणारा माणूस कोणते तीन आक्षेप घेईल?’

‘या परिच्छेदातल्या फक्त व्याकरणाच्या चुका दाखव आणि प्रत्येक चुकीचा नियम समजावून सांग. वाक्ये नव्याने लिहू नकोस.’

‘ब्रेक-इव्हन ही संकल्पना समजावून सांग. मग मला पाच प्रश्न विचार आणि माझे उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.’

या चारही नमुन्यांत काम विद्यार्थ्याकडेच राहते. शेवटचा नमुना केटीचा (राहिलेल्या विषयाचा) अभ्यास करणाऱ्यांना फार उपयोगी पडतो. शिकवणी परवडत नसलेल्या मुलालाही कितीही वेळा न लाजता तोच प्रश्न विचारता येतो.

पायरी ६: आलेले प्रत्येक विधान तपासा

एआयचे भाषेचे मॉडेल पुढचा संभाव्य शब्द जुळवत मजकूर तयार करते. त्यामुळे खरे आणि खोटे विधान ते सारख्याच ठामपणे सांगते. ज्या विषयावर लिखाण कमी उपलब्ध आहे, तिथे चुका वाढतात. आपल्या भागाचा स्थानिक इतिहास आणि व्यवसाय नेमका अशाच विषयांत मोडतो.

वर्गात करून घेण्याजोगा एक सराव आहे. एआयला ‘धारावीच्या किल्ल्याचा इतिहास’ विचारायला सांगा. उत्तन-डोंगरीजवळ धारावीचा किल्ला आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत (१७३७–३९) मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात त्यावरून लढाई झाली. मुंबईतल्या धारावीत इंग्रजांनी बांधलेला काळा किल्ला आहे आणि त्यावरच्या शिलालेखात साल आहे १७३७. गावाचे नाव एक, साल एक, किल्ले दोन आणि सत्ताही वेगळ्या. आलेल्या उत्तरात कोणते वाक्य कोणत्या किल्ल्याचे आहे, ते मुलांनी रेघ मारून वेगळे करावे. दोन्ही किल्ल्यांची सरमिसळ झाली असेल तर ती तिथेच सापडेल. झाली नसेल, तरी ते आपण तपासल्यावरच कळले.

तपासणीसाठी वहीत चार रकाने आखावेत:

१. एआयने केलेले विधान
२. ते कुठे पडताळले (पुस्तक आणि पान, शासकीय अहवाल, मुलाखत)
३. बरोबर, चूक की आधार सापडला नाही
४. अहवालात ठेवले की काढले

ज्या विधानाला आधार सापडला नाही, ते काढून टाकायचे. संदर्भग्रंथांच्या यादीतले प्रत्येक पुस्तक ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये किंवा प्रकाशकाच्या यादीत सापडले पाहिजे, आणि उद्धृत केलेले पान विद्यार्थ्याने स्वतः उघडलेले असले पाहिजे. एआयलाच ‘हे खरे आहे का?’ असे विचारणे ही पडताळणी नव्हे.

ही सवय पदवीपुरती नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्रणेने दिलेली माहिती वापरण्यापूर्वी पडताळली पाहिजे, असे न्यायालयाने त्या वेळी बजावले. आज बीकॉम करणारा मुलगा उद्या करसल्लागाराच्या कार्यालयात बसणार आहे. चार रकान्यांची सवय त्याला तिथे उपयोगी पडेल.

पायरी ७: वापराची नोंद जोडा

अहवालाच्या शेवटी अर्ध्या पानाची नोंद असावी. नमुना असा:

‘या प्रकल्पात मी (साधनाचे नाव) पुढील कामांसाठी वापरले: प्रश्नावलीतील त्रुटी शोधणे, प्रकरण दोन आणि तीनमधील इंग्रजी व्याकरण. त्याने सुचवलेल्या प्रश्नांपैकी तीन स्वीकारले, दोन नाकारले. नाकारण्याचे कारण: ते वाळवणाच्या व्यवसायाला लागू नव्हते. क्षेत्रभेटीच्या नोंदी, हिशेब आणि निष्कर्ष माझे आहेत. सर्व विधाने मी पडताळली असून चुकांची जबाबदारी माझी आहे. दिनांक, सही.’

एआय वापरले नसेल तर तसेही लिहावे. एआयला सहलेखक म्हणून नाव देऊ नये, कारण ते चुकीची जबाबदारी घेऊ शकत नाही. शिक्षकाने पहिल्याच दिवशी जाहीर करावे की प्रामाणिक नोंदीमुळे गुण कमी होणार नाहीत. कबुली दिली की गुण जातात, अशी भीती बसली तर सगळेच लपवतील आणि ही पायरी कागदावर राहील.

पायरी ८: टप्प्याटप्प्याने काम घ्या

शेवटच्या आठवड्यात एकदम बांधलेले ब्लॅक बुक (प्रोजेक्टची अंतिम प्रत) हातात घेऊन ते कोणाचे हे शोधणे कठीण आहे. आयते प्रोजेक्ट एआयच्या आधीही मिळत होते, आणि तेही याच फटीतून आत येत होते. म्हणून सत्राचे असे भाग करावेत:

• तिसरा आठवडा: विषय आणि प्रश्नावली
• सहावा आठवडा: क्षेत्रभेटीची वही, सहीसह
• आठवा आठवडा: हिशेबाचा तक्ता आणि पहिला मसुदा
• दहावा आठवडा: पडताळणीचे चार रकाने
• बारावा आठवडा: अंतिम अहवाल आणि वापराची नोंद
• तेरावा आठवडा: तोंडी परीक्षा

गुणही त्याप्रमाणे वाटावेत. वीस गुण असतील तर वही ५, पडताळणी ४, हिशेब आणि निष्कर्ष ५, तोंडी परीक्षा ५, सादरीकरण आणि भाषा १. भाषेला एकच गुण दिला की गुळगुळीत इंग्रजी मिळवण्यासाठी धावण्याचे कारण उरत नाही आणि मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलावर अन्यायही होत नाही.

पायरी ९: डिटेक्टरवर निकाल देऊ नका

मजकूर एआयने लिहिला का, हे सांगण्याचा दावा करणारी साधने भरपूर आहेत. त्यांच्या टक्केवारीला पुरावा मानू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच असे साधन जानेवारी २०२३ मध्ये आणले. कंपनीच्याच चाचणीत ते एआयच्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखत होते आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारत होते. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी असल्याचे सांगून कंपनीने ते मागे घेतले. साठ जणांच्या वर्गात ९ टक्के म्हणजे सुमारे पाच निर्दोष मुले.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांवर या साधनांनी सरासरी ६१ टक्के वेळा एआयचा खोटा ठपका ठेवला. कारण उघड आहे: परकी भाषा लिहिणारा माणूस साधी, ठरावीक, सुरक्षित वाक्ये वापरतो आणि डिटेक्टर त्यालाच यंत्राची खूण समजतो. आपल्या वर्गातली बहुतेक मुले अशीच इंग्रजी लिहितात. म्हणून हे साधन मीरा रोडच्या वर्गात वापरणे विशेष धोक्याचे आहे.

साम्य तपासणारे सॉफ्टवेअर ही निराळी गोष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत प्रबंधांसाठी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि त्यापुढे चढत्या पायऱ्या आहेत. ते सॉफ्टवेअर आधीच प्रकाशित झालेल्या मजकुराशी जुळणी करते. एआय वाक्ये नव्याने जुळवते, म्हणून साम्य कमी आले यावरून काम विद्यार्थ्याचे आहे असेही सिद्ध होत नाही.

पायरी १०: समोर बसवून विचारा

खरी तपासणी तोंडी परीक्षेत होते. प्रत्येकाला वेगळे बसवून पाच मिनिटे दिली तर साठ जणांना पाच तास लागतात. पाच-पाच जणांचे बारा गट करून प्रत्येक गटाला पंधरा मिनिटे दिली, तर तीन तासांत काम होते; दोन प्रात्यक्षिकांच्या वेळेत ते बसते. प्रश्न अहवालातूनच काढावेत:

• तुझ्या तक्त्यातला हा आकडा कोणी सांगितला? तो जास्त वाटला तेव्हा तू काय केलेस?
• दोन कुटुंबांच्या उत्तरांत कुठे फरक पडला?
• एआयची कोणती सूचना नाकारलीस आणि का?
• या परिच्छेदातला हा शब्द तुझ्या भाषेत समजावून सांग.
• वाळवणाला लागणारी मजुरी दीडपट झाली तर तुझा निष्कर्ष बदलेल का?

उत्तर मराठीत, हिंदीत, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत घ्यावे. ज्याने काम केले आहे तो अडखळत का होईना, तपशिलात शिरतो. फक्त मजकूर घेतलेला मुलगा दुसऱ्या प्रश्नाला थांबतो.

पायरी ११: शंका आली तर असे वागा

वर्गात सगळ्यांसमोर नाव घेऊ नये. विद्यार्थ्याला स्वतंत्र बोलवावे, शंकेची जागा दाखवावी आणि वही, मसुद्यांचा इतिहास आणि वापराची नोंद मागावी. शक्यतो दुसरा शिक्षकही हजर असावा. विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून लेखी टिपण करावे. काम स्वतःचे असल्याचे दिसले, तर प्रकरण तिथेच संपवावे. पहिल्यांदा चूक झाली असेल तर तो भाग पुन्हा करायला लावावा, कारण शिकणे हा आपला हेतू आहे. जाणूनबुजून खोट्या मुलाखती किंवा खोटे आकडे रचले असतील, तर महाविद्यालयाच्या नियमांप्रमाणे कारवाई व्हावी. ती एआयमुळे होत नाही, फसवणुकीमुळे होते, हे निर्णयात स्पष्ट लिहावे.

पायरी १२: शिक्षकाने स्वतःचा वापर जाहीर करावा

प्रश्नसंच बनवणे, एकच संकल्पना तीन पातळ्यांवर समजावणारी उदाहरणे काढणे, इंग्रजी टिपणांचा मराठी खर्डा करणे, यासाठी एआय शिक्षकाचा वेळ वाचवते. भाषांतरासाठी एआयसीटीईची अनुवादिनी आणि केंद्र सरकारची भाषिणी अशी सार्वजनिक साधनेही आहेत. वर्गात वाटण्यापूर्वी प्रत्येक ओळ शिक्षकाने वाचलेली असावी आणि पानाच्या तळाशी ‘एआयच्या मदतीने तयार, तपासलेले’ असे लिहावे. गुण देण्याचा निर्णय मात्र शिक्षकाचाच राहावा. विद्यार्थ्याने ‘मॅडम, इथे दोन गुण का गेले?’ असे विचारले तर ‘सिस्टीमने दिले’ हे उत्तर असू शकत नाही.

सादर करण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःला विचारायचे सहा प्रश्न

१. असाइनमेंटच्या पानावरचा एआयचा नियम मी वाचला आहे का?
२. पहिला मसुदा माझा आहे का?
३. प्रत्येक आकडा आणि संदर्भ मी स्वतः पडताळला आहे का?
४. कोणाची खासगी माहिती मी एआयला दिलेली नाही ना?
५. वापराची नोंद खरी आणि पूर्ण आहे का?
६. यातले कोणतेही वाक्य बोट ठेवून विचारले, तर मी समजावून सांगू शकेन का?

सहाव्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले तर ते वाक्य काढून टाकावे किंवा समजून घेऊन पुन्हा लिहावे.

ही कृती सुरू करायला विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही. पायरी एक आणि दोन कोणताही शिक्षक पुढच्या सत्राच्या पहिल्या तासाआधी करू शकतो. त्याला एक पान आणि एक संध्याकाळ लागते. प्राचार्यांनी तोंडी परीक्षेसाठी वेळापत्रकात तीन तास द्यावेत, विभागांनी नियमाचा एक समान नमुना ठरवावा आणि सत्राच्या शेवटी मुलांना विचारून तो सुधारावा. विद्यार्थ्यांनीही मागे राहू नये. असाइनमेंटच्या पानावर एआयचा नियम नसेल तर हात वर करून विचारा: ‘सर, यात एआय कुठे चालेल?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्याचे लेखी उत्तर देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.